ब्रोकन हिल : खाणगावातला एक रविवार



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजही एका लढाईबद्दल बोलणार आहे. ती जेमतेम दीड तास चालली. एका बाजूला दोनच माणसं होती, आणि त्यांचं निशाण एका आइस्क्रीमच्या हातगाडीवर फडकत होतं. ही लढाई झाली ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात, ब्रोकन हिल नावाच्या खाणगावाबाहेर, १ जानेवारी १९१५ रोजी. तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब आता ऑस्ट्रेलियात कुठे पोचले? सांगतो. पण लढाईपर्यंत जायला आधी गाव बघावं लागेल, कारण ती लढाई त्या गावाच्या खाणीतूनच वर आली, असं माझं मत आहे.

मुलगा ॲडलेडला असतो. जुलैमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं एक कॅरॅव्हॅन भाड्यानं घेतली. म्हणजे चाकांवरची खोली, गाडीच्या मागे जोडायची आणि निघायचं. ॲडलेडहून ईशान्येला पाचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे. पहिले दोन तास गव्हाची शेतं, मग मेंढ्या, मग मेंढ्याही नाहीत. तांबडी माती, गुडघाभर झुडपं आणि रस्त्याकडेला गाड्यांखाली आलेले कांगारू. अंधार पडल्यावर तिकडे गाडी चालवू नये म्हणतात, म्हणून आम्ही उजेडातच पोचलो आणि कॅरॅव्हॅन पार्कात मुक्काम केला.

तिथे पोचल्यावर एक गंमत कळली. ब्रोकन हिल हे न्यू साउथ वेल्स राज्यातलं गाव, राजधानी सिडनी. पण गावातली घड्याळं सिडनीच्या अर्धा तास मागे, ॲडलेडच्या वेळेवर चालतात. कारण रेल्वे. चांदी सापडली तेव्हा सिडनी अकराशे किलोमीटर दूर, मध्ये रूळ नाहीत. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियानं सरहद्दीपर्यंत रेल्वे आणली. पुढचा तुकडा बांधायला न्यू साउथ वेल्स सरकार पुढे आलं नाही, म्हणून एका खासगी कंपनीनं तो बांधला. १८८८ साली गाव पोर्ट पिरी या बंदराशी जोडलं गेलं. सिडनीची थेट गाडी यायला १९२७ उजाडलं. तोवर गावाची बाजारपेठ, वर्तमानपत्रं आणि घड्याळ सगळं ॲडलेडचं झालं होतं. नकाशावर रेघ कोणी ओढली यापेक्षा रसद कुठून येते यावर माणसाचा जीव कुठे जडतो हे ठरतं. फौजेत हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. चहा घेऊन गावात निघालो. रस्त्यांच्या पाट्या वाचतच माझी बायको हसायला लागली. अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, आयोडाइड, ब्रोमाइड. रसायनशास्त्राच्या तासाला बसल्यासारखं वाटतं. मुख्य रस्ता अर्जेंट स्ट्रीट, म्हणजे चांदीचा रस्ता. त्यावर उंच छपरांच्या व्हरांड्यांची दगडी हॉटेलं, कामगारांनी बांधलेलं देखणं ट्रेड्स हॉल, आणि मागच्या गल्ल्यांमध्ये पन्हाळी पत्र्याची बैठी घरं. आणि या सगळ्याच्या मध्यावर, गावाला उभं कापत गेलेला, काळपट, सपाट माथ्याचा एक लांबलचक डोंगर.

तो डोंगर खरा नव्हे. खरा डोंगर माणसांनी खाऊन टाकला. समोर दिसतो तो त्याच्या पोटातून काढलेला टाकाऊ दगड.

मूळची टेकडी दातेरी, मध्ये मोडल्यासारखी होती, म्हणून ब्रोकन हिल. हा मुलूख विल्याकाली लोकांचा. १८४४ साली चार्ल्स स्टर्ट हा ब्रिटिश शोधक अफसर या डोंगररांगेतून गेला. मग मेंढपाळांची मोठमोठी राखणं आली. त्यांतल्या माउंट गिप्स नावाच्या राखणीवर चार्ल्स रॅस्प नावाचा जर्मन माणूस कुंपणाची देखरेख करत हिंडायचा. सप्टेंबर १८८३ मध्ये त्याला या टेकडीचा काळा दगड कथलाचा वाटला. त्यानं दोन सोबती घेऊन जागा आखली. राखणीचा व्यवस्थापक जॉर्ज मॅक्युलक यानं सात जणांची भागीदारी केली. सुरुवातीला हाती आलं ते बरंचसं शिसं, चांदी थोडी. काहींचा धीर सुटला आणि त्यांनी हिस्से विकले. चौदावा हिस्सा पत्त्यांच्या डावावर १२० पौंडांना गेल्याची गोष्ट गावात अजून सांगतात. १८८५ मध्ये समृद्ध चांदी लागली, आणि त्याच वर्षी 'ब्रोकन हिल प्रोप्रायटरी' ही कंपनी उभी राहिली. हीच ती बीएचपी, आज जगातल्या सर्वांत मोठ्या खाण कंपन्यांपैकी एक. १९३९ साली ती हे गाव सोडून गेली, पण नाव घेऊन गेली.

जमिनीखाली काय होतं? सुमारे सात किलोमीटर लांबीची, धनुष्यासारखी वाकलेली, चांदी, शिसं आणि जस्त यांची एकच धातुशिरा. जगातल्या या प्रकारच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी ती एक.

यातल्या जस्ताबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. वरचा थर संपल्यावर खाली जो दगड लागला त्यात शिसं आणि जस्त एकमेकांत इतके गुंतलेले होते की वेगळे काढता येईनात. जस्ताचा भुकटा टाकून दिला जाई आणि त्याचे ढीग साठत गेले. जस्त हा मुळातच हट्टी धातू. ज्या उष्णतेला ते दगडातून सुटतं त्या उष्णतेला त्याची वाफ होते, आणि हवा लागली की वाफ जळून परत राख होते. उदयपूरजवळच्या जावरला आपल्या कारागिरांनी हे कोडं मध्ययुगातच सोडवलं होतं. वांग्याच्या आकाराची मातीची पात्रं उलटी बसवायची, वरून आच द्यायची आणि वाफ खाली गार भांड्यात उतरवायची. त्या पात्रांचे ढीग आजही जावरला पडलेले आहेत. युरोपला हे जमलं अठराव्या शतकात. ब्रोकन हिलची अडचण वेगळी होती. तिथे जस्त वितळवण्याआधी शिशापासून आणि वाळूपासून सोडवायचं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या लोकांनी बुडबुड्यांची युक्ती काढली. दगडाचं पीठ पाण्यात घालून ढवळायचं. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतात, वाळू तळाला बसते. या कामात डी बाव्हे नावाचा एक बिअरच्या कारखान्यातला रसायनतज्ज्ञही होता, हे मला फार आवडलं. जुने ढीग विकत घेऊन जस्त काढण्यासाठी १९०५ साली जी कंपनी निघाली, तिच्या मागे हर्बर्ट हूव्हर हा अमेरिकन खाण-अभियंता होता. तोच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. आज जगात तांबं, शिसं, जस्त काढतात ते बहुतांशी याच फेसाच्या पद्धतीनं.

आता त्या काळ्या डोंगरावर चला. वर खाण कामगारांचं स्मारक आहे. गंजलेल्या पोलादाच्या उंच भिंती, त्यांच्यामधली अरुंद वाट, आणि आत काचेवर नावं. आठशेच्या वर नावं. १८८०च्या दशकापासून या खाणींत मेलेली माणसं, वर्षावार. आणि प्रत्येक नावापुढे, तो कशानं मेला ते. दगड अंगावर पडून. शाफ्टमध्ये कोसळून. सुरुंगानं. शिशाच्या विषबाधेनं. बायको वाचत वाचत पुढे गेली होती, ती थांबून म्हणाली, "अहो, इथे वयंही लिहिलीत हो. हा चौदा-पंधराचा पोरगा आहे." मग ती पुढे वाचेना.

मी फौजेत आयुष्य काढलं. युद्धस्मारकं पुष्कळ पाहिली, काहींवर माझ्या ओळखीची नावं आहेत. पण मरणाचं कारण लिहिलेलं स्मारक मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या स्मारकांवर सगळे 'धारातीर्थी' पडतात. इथे लिहिलंय की हा माणूस पिंजऱ्याचा दोर तुटून गेला. असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप येतो, दोर का तुटला?

हा प्रश्न विचारण्याची किंमत त्या गावानं मोजली आहे. १८९२ चा मोठा संप मोडला आणि पुढारी तुरुंगात गेले. १९०९ मध्ये पुन्हा टाळेबंदी. मग मे १९१९ ते नोव्हेंबर १९२०, सलग अठरा महिने खाणी बंद. इतके महिने बायकापोरांनी कसं काढलं असेल, याचा विचार मुंबईच्या गिरणी संपाची झळ ज्यांच्या घरात लागली त्यांना सांगायला नको. पण इथे कामगार जिंकले. आठवड्याला पस्तीस तास काम, रात्रपाळी बंद, फुप्फुसाच्या रोगाला भरपाई. १९२० साली हे मिळवणारं गाव जगात विरळाच. पुढे कामगार संघटनांची एकत्र परिषद झाली आणि काही दशकं गावाचा कारभार जवळजवळ तीच चालवत होती. त्यातही एक मेख होती. लग्न झालेल्या बाईनं नोकरी करायची नाही, हा त्यांचाच नियम. स्वतःच्या माणसांसाठी लढणाऱ्यांना 'स्वतःची माणसं' म्हणजे कोण, हे ठरवावंच लागतं. आणि तिथे कोणीतरी बाहेर राहतंच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या भिंतींमध्ये उभा असताना मला आमच्या गावची चावडी आठवली. सातारा जिल्ह्यात, कोकणात पुष्कळ गावांत तुम्हाला पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी दिसेल. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतके कामास आले. बस. नुसते आकडे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्यातल्या दुसऱ्या आकड्यात आहेत. मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले, तुर्कांनी कूतला वेढा घातला तेव्हा आत होते, आणि परत आले नाहीत. त्यांचं नाव त्या पाटीवर नाही. मेले कशानं हे तर घरातही कोणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी मी त्या पाटीखाली गोट्या खेळलोय.

दुपारी आम्ही गावाबाहेर गेलो. सिल्व्हर्टनच्या जुन्या रेल्वेमार्गाजवळ पांढऱ्या गारगोटीच्या खडकांचा एक उंचवटा आहे. व्हाइट रॉक्स. आता लढाईकडे येऊ.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. त्याचा पहिला फटका ब्रोकन हिलला बसला, तो असा की इथलं शिसं आणि जस्त मोठ्या प्रमाणावर जर्मन कंपन्या घेत होत्या. ते गिऱ्हाईक एका दिवसात शत्रू झालं. खाणींनी माणसं कमी केली. कामावरून गेलेल्यांत गुल बादशाह महंमद नावाचा एक माणूस होता. मग तो रस्त्यावर आइस्क्रीम विकू लागला. त्याचा शेजारी मुल्ला अब्दुल्ला, साठीचा म्हातारा. पूर्वी उंट हाकायचा, आता उंटवाल्यांच्या वस्तीत नमाज पढवायचा आणि त्यांच्यासाठी मेंढ्या हलाल करायचा. नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकानं परवान्याच्या जागेबाहेर मेंढी कापली म्हणून त्याला दंड केला होता. गावातली पोरं त्याला दगड मारत, म्हणून त्यानं पागोटं बांधायचं सोडलं होतं. नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तान युद्धात उतरलं आणि सुलतानानं जिहादची हाक दिली. ती हाक दहा हजार किलोमीटरहून दूर या दोन माणसांनी ऐकली.

नववर्षाच्या दिवशी गावची वार्षिक सहल सिल्व्हर्टनला निघाली. खाणीच्या उघड्या मालडब्यांत बाकं टाकलेली. सुमारे चाळीस डबे, सुमारे बाराशे माणसं, बायका, मुलं, डबे, टोप्या. गावापासून तीनेक किलोमीटरवर रुळांच्या कडेला एक आइस्क्रीमची गाडी उभी होती. तिच्यावर घरी शिवलेलं तुर्की निशाण. दोघं मातीच्या बांधामागे पडून होते. त्यांनी गोळ्या झाडल्या तेव्हा लोकांना वाटलं, सणानिमित्त कोणी बार काढतंय. मग माणसं पडायला लागली. ॲल्मा काउई नावाची सतरा वर्षांची मुलगी गेली. विल्यम शॉ नावाचा नगरपालिकेचा मुकादम गेला. वाटेत आल्फ्रेड मिलार्ड गेला. पुढे जेम्स क्रेग हा म्हातारा आपल्या परसात लाकडं फोडत असताना त्याला भरकटलेली गोळी लागली. चार जीव गेले, सात जखमी झाले.

दोघं या खडकांमागे आले आणि इथे मोर्चा धरून बसले. पोलीस आले, स्थानिक पायदळाचे शिपाई आले, नेमबाजी क्लबाचे लोक आले, आणि बंदुका घेऊन गावही आलं. मी त्या खडकांमागे आडवा होऊन बघितलं, जुनी सवय. आडोसा बरा आहे, पण माघारीची वाट नाही. पाणी नाही. जानेवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. जो माणूस ही जागा निवडतो तो परत जायचा विचार करत नसतो. दीड तासानं सगळं संपलं. अब्दुल्ला तिथेच मेला होता. गुल महंमद घायाळ होऊन पकडला गेला आणि लवकरच मेला.

त्या रात्री गावकऱ्यांनी जर्मन क्लब जाळला. का? हल्लेखोर जर्मन नव्हते, पण जवळचा शत्रू तोच होता. मग जमाव उंटवाल्यांच्या वस्तीवर निघाला. तिथे पोलीस आणि शिपाई आडवे उभे राहिले आणि वस्ती वाचली. त्या शिपायांचं मला विशेष वाटतं. सकाळी ज्यांच्याविरुद्ध गोळ्या झाडल्या त्यांच्याच भाऊबंदांचं रात्री रक्षण करायचं. वर्दी घातलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथे असते. मीही अशा बंदोबस्तात उभा राहिलोय.

तिथून आम्ही मशिदीत गेलो. हो, ब्रोकन हिलला मशीद आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, गावाच्या उत्तर टोकाला, जिथे उंटांचा तळ होता तिथेच. तांबड्या रंगाच्या पन्हाळी पत्र्याची एक खोली आणि पुढे पडवी. बाहेरून कोणाच्या मळ्यावरची खोपच वाटावी. आता तिथे इतिहासमंडळाचं छोटं संग्रहालय आहे आणि रविवारी दुपारी थोडा वेळ उघडतात. एक वयस्क बाई स्वयंसेवक म्हणून बसल्या होत्या. आम्ही कुठले विचारलं. सांगितलं, भारतातून. त्या खुश होऊन म्हणाल्या, "म्हणजे हे तुमच्याकडचेच लोक की!"

मी लगेच म्हणालो, "नाही, नाही. ते अफगाण. आम्ही भारतीय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "इकडे सगळ्यांना अफगाणच म्हणायचे. पण पुष्कळसे कराची-पेशावरकडून आलेले. तेव्हा ते हिंदुस्थानच होतं ना?"

मंडळी, मी इतिहास सांगणारा माणूस. आणि मी गप्प झालो. कारण त्यांचं बरोबर होतं, आणि मी 'नाही' इतक्या घाईनं का म्हणालो हेही मला कळलं होतं. नुकतेच खडक बघून आलो होतो ना.

आता नीट सांगतो. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून मेलबर्नला आणले गेले. सोबत उंट हाकणारी माणसं आली. त्यांतला दोस्त महंमद इथून जवळच, मेनिंडीला राहिला. उंट चावून त्याचा हात कायमचा निकामी झाला. त्याची कबर तिकडेच आहे. पुढच्या साठ वर्षांत पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी, राजस्थानी अशी शेकडो माणसं आली. ऑस्ट्रेलियाच्या पोटात तारा, रूळ, पीठ, दारू, लोकर, सगळं उंटाच्या पाठीवरून गेलं. उलट दिशेनं न्यू साउथ वेल्सचे घोडे आपल्याकडच्या रिसाल्यांसाठी यायचे. जुन्या घोडदळात त्यांना 'वेलर' म्हणत, ते या राज्याच्या नावावरून. म्हणजे आपला उंट तिकडे, त्यांचा घोडा इकडे, आणि हिशेब साम्राज्याच्या वहीत.

माणसांचा हिशेब मात्र वेगळा ठेवला गेला. १९०१ साली ऑस्ट्रेलिया एक राष्ट्र झालं आणि पहिल्याच वर्षी गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद करणारा कायदा झाला. उंटवाल्यांना बायको आणणं, नागरिक होणं जवळजवळ अशक्य झालं. कामगार संघटनाही या कायद्याच्या बाजूनं होत्या. म्हणून मघाचं वाक्य लक्षात ठेवा म्हटलं. पस्तीस तासांचा आठवडा मिळवणाऱ्या गावात उंटवाला 'आपला' नव्हता.

आणि गुल महंमद कोण? तिराहचा आफ्रिदी. तिराह हे नाव फौजेतल्या कोणालाही नवीन नाही. १२ सप्टेंबर १८९७, सारागढी, ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान. त्यांना वेढणारे लष्कर आफ्रिदी आणि ओरकझई टोळ्यांचं होतं. त्याच हिवाळ्यात इंग्रजांनी हिंदी फौज घेऊन तिराहमध्ये शिरून गावं जाळली. गुल महंमद तेव्हा विशीतला जवान असावा. तो माणूस पुढे इंग्रजांच्याच खाणीत शिसं काढतो, काम जातं, आइस्क्रीम विकतो, आणि एका सकाळी सतरा वर्षांच्या मुलीवर गोळी झाडतो. मी त्याची बाजू घेत नाही. सहलीला निघालेल्या बायकामुलांवर गोळ्या झाडणं हा खून आहे, तिथे दुसरा शब्द नाही. पण खून का झाला हे विचारणं म्हणजे खुन्याला माफ करणं नव्हे. दोर का तुटला, हा तोच प्रश्न.

आणि बघा, त्याच महिन्यांत आमच्या ११० व्या आणि ११७ व्या मराठा पलटणी बसऱ्याच्या बाजूला तुर्कांशी लढत होत्या. आमचे थोरले आजोबा त्या सुलतानाविरुद्ध, हे दोघं त्याच सुलतानाच्या बाजूनं.  ब्रोकन हिलचं शिसं जर्मन गिऱ्हाइकाकडून सुटलं ते ब्रिटनच्या दारूगोळ्याकडे वळलं. शिसं कुठलं, बंदूक कोणाची, मेला कोण, सगळं एकाच जमाखर्चात. पण नोंद वेगवेगळी. खाणीतल्या माणसाचं नाव, वय आणि कारण. आमच्या आजोबांचा फक्त आकडा. उंटवाल्यांची एक पत्र्याची खोली. आणि त्या दोघांची कबर मला गावात कुठे दिसली नाही.

संध्याकाळी गावाच्या कडेनं फिरलो. तिथे एक साधं तारेचं कुंपण आहे, त्याची गोष्ट सांगून संपवतो. खाणीच्या भट्ट्यांसाठी आसपासची झाडं तोडली गेली, उरलेलं शेळ्यामेंढ्यांनी आणि सशांनी खाल्लं. मग धुळीची वादळं गावावर येऊन घरं अर्धी पुरली जायची. आल्बर्ट मॉरिस हा खाणीत धातू तपासणारा माणूस, छंद वनस्पतींचा. तो म्हणाला, कुंपण घाला. गुरं आणि ससे बाहेर ठेवले की माती स्वतःच उठेल. १९३६ साली कुंपण घातलं आणि झुडपं खरंच उठली. मॉरिस १९३९ च्या जानेवारीत गेला, पण तो हिरवा पट्टा अजून गावाभोवती आहे. सगळं दुरुस्त झालेलं नाही. शिशाची धूळ अजून आहे, आणि १९९०च्या दशकापासून तिथल्या लहान मुलांच्या रक्तातलं शिसं नियमानं तपासलं जातं. खाण देते आणि घेते, आणि घेणं देण्यापेक्षा जास्त काळ चालतं. बेंगळुरूच्या आपल्या श्रोत्यांना हे कोलारवरून माहीत आहे. २००१ साली ती सोन्याची खाण बंद झाली, पण वारा सुटला की ढिगाऱ्यांची पूड अजून वस्तीवर उडते.

२०१५ मध्ये ब्रोकन हिलचं सबंध गाव ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेलं, असं पहिलंच शहर. वारसा म्हणजे त्यांनी फक्त चांदी धरली नाही. संप, ट्रेड्स हॉल, कुंपण, पत्र्याची मशीद, सगळं आलं. हे मला मोठेपणाचं वाटलं.

निघताना मी परत मशिदीपाशी गेलो. बाई कुलूप लावत होत्या. मी म्हणालो, "मघाशी मी चुकीचं बोललो. ते आमच्याकडचेच होते." त्या हसल्या. एवढंच.

भारतात परत आल्यावर गावी गेलो आणि ग्रामपंचायतीला एक अर्ज दिला. चावडीवरच्या त्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावू द्या, नावांची. कागदपत्रं शोधायचं काम माझं. आतापर्यंत चार नावं लागली आहेत. एक आमच्या घरातलं. तुमच्या गावात अशी पाटी असेल, मग तुम्ही इंदूरला असा की बडोद्याला की हैदराबादला, पुढच्या वेळी गावी गेलात की तिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, यातले आपले कोण? म्हातारे आहेत तोवर विचारा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.